परदेशातील अध्ययन आणि स्वसमाजाकडे पाहण्याची दृष्टी

परदेशी शिकून आलेल्या विद्यार्थ्याची दृष्टी विशाल होते, हे विधान आपल्याकडे इतके रूढ झाले आहे की त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जांत ते असते, निरोपसमारंभांतील भाषणांत ते असते आणि विद्यापीठांच्या अहवालांतही असते. परंतु शास्त्रीय चर्चेसाठी हे विधान घ्यावयाचे, तर प्रथम तीन गोष्टी स्पष्ट व्हावयास हव्यात. बदलते ती कोणत्या विषयाकडे पाहण्याची दृष्टी? तो बदल परदेशातील वास्तव्यामुळे होतो, की तेथे हाती आलेल्या अभ्यासपद्धतीमुळे? आणि तो सर्वांच्या ठिकाणी एकाच दिशेने होतो काय?

ह्या प्रश्नांचा विचार करण्यासाठी महाराष्ट्राच्या विद्याक्षेत्रात एक चांगला उदाहरणसमूह उपलब्ध आहे. १९०६ ते १९३० ह्या पाव शतकात चार मराठी अभ्यासक चार निरनिराळ्या विद्यापीठनगरांत शिकले : श्रीधर व्यंकटेश केतकर इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठात, भीमराव रामजी आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजमध्ये आणि इरावती कर्वे बर्लिनमध्ये. त्यांच्यापैकी तिघांनी तेथे जातिसंस्थेवर प्रत्यक्ष लेखन केले. चौथ्या अभ्यासकाने, म्हणजे इरावतीबाईंनी, तो विषय जाण्यापूर्वी हाताळला होता आणि परतल्यावर आयुष्यभर हाताळला. विषय एक, कालखंड जवळचा आणि गुरू मात्र भिन्न, अशी स्थिती असल्यामुळे परदेशी अध्ययनाने नेमके काय घडते व काय घडत नाही, हे येथे बरेच स्पष्टपणे पाहता येते.

१. परिचित गोष्ट प्रश्नरूप होणे

जो मनुष्य जातीत जन्मतो व जातीतच वाढतो, त्याला जात ही हवेसारखी वाटते. तिचे नियम त्याला ठाऊक असतात. परंतु ते नियम आहेत, म्हणजे निराळे असू शकले असते, ही जाणीव त्याला असतेच असे नाही. जातीचा लाभ ज्याला मिळतो त्याच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. परदेशातील अध्ययनाचा पहिला परिणाम असा की, जे गृहीत होते त्याची व्याख्या करावी लागते. भोवतालच्या लोकांना जात म्हणजे काय हे मुळीच माहीत नसते; आणि ज्याला माहीत नाही त्याला सांगताना सांगणाऱ्याला आपले ज्ञान प्रथम स्वतःशी तपासून घ्यावे लागते.

केतकर १९०६ साली अमेरिकेस गेले आणि १९०९ साली त्यांच्या इंग्रजी 'हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया' ह्या ग्रंथाचा पहिला भाग इथाका येथे प्रसिद्ध झाला. मनुस्मृतीतील पुराव्यावरून तिसऱ्या शतकातील समाजस्थिती ठरविणे हा त्याचा मुख्य विषय. परंतु आपल्या दृष्टीने त्यातील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे त्यांनी केलेली जातीची व्याख्या. सभासदत्व जन्मावर अवलंबून असणे आणि गटाबाहेर विवाह करण्यास बंदी असणे, ही दोन लक्षणे त्यांनी मुख्य मानली. खाणेपिणे, सोवळेओवळे, धंदा ह्या ठळक दिसणाऱ्या गोष्टी बाजूस सारून त्यांनी संस्थेच्या सांगाड्यावर बोट ठेवले. दुसरी गोष्ट म्हणजे ग्रंथाचे परिशिष्ट. त्याचा विषय मानववंशशास्त्रातील मूलभूत दोष हा आहे! ज्या देशात ते शास्त्र शिकावयाचे, तेथेच, पदवी हाती येण्यापूर्वी, त्या शास्त्राच्या दोषांवर परिशिष्ट जोडणे ही घटना केवळ स्वाभिमानाची म्हणून सोडून देता येत नाही. पाश्चात्त्य ग्रंथांतून आपल्या समाजाविषयी जे लिहिले जाते, तेही विशिष्ट स्थळी व विशिष्ट गृहीतांवर उभे राहून लिहिलेले असते, हे त्या शास्त्राच्या कार्यशाळेत शिरल्याखेरीज नीट उमगत नाही. दुरून छापील ग्रंथ वाचणाऱ्यास तो सिद्धान्त म्हणून दिसतो. जवळून पाहणाऱ्यास त्याची जुळणी दिसते.

२. गुरूचे साधन आणि शिष्याचा प्रश्न

आंबेडकर बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय आणि प्रा. सेलिग्मन हे त्या विषयातील त्यांचे मार्गदर्शक. परंतु कोलंबियात त्यांनी समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानवशास्त्र ह्या विषयांच्या वर्गांनाही हजेरी लावली. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींची घडण, उत्पत्ती व विकास ह्या विषयावर निबंध वाचला. तो पुढील वर्षी 'इंडियन अँटिक्वेरी'त प्रसिद्ध झाला. त्या वेळी ते पंचवीस वर्षांचे होते.

ह्या निबंधात सेनार, नेसफील्ड, रिस्ले ह्या युरोपीय लेखकांच्या व्याख्यांबरोबर केतकरांच्या व्याख्येचीही छाननी आहे. केतकरांनी जात ही एकटी न घेता जातींच्या समग्र व्यवस्थेच्या संदर्भात पाहिली, ह्याचे श्रेय आंबेडकर त्यांना देतात. परंतु केतकरांची दोन लक्षणे वस्तुतः दोन नाहीत, एकाच गोष्टीच्या त्या दोन बाजू आहेत, असे ते दाखवितात : गटाबाहेर विवाह बंद केला की बाहेरच्यांची संतती आत येण्याचा मार्ग आपोआपच बंद होतो. म्हणजे उरते एकच लक्षण, अंतर्विवाह. मग प्रश्न असा की, हा अंतर्विवाह टिकविला कसा जातो? गटातील स्त्रीपुरुषांची संख्या जुळती राहिली नाही, तर जोडीदार गमावलेली व्यक्ती गटाबाहेर विवाह करील आणि बंधन तुटेल. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ह्या रूढींचा उलगडा आंबेडकर ह्या दृष्टीने करतात. सुधारकांनी ज्या रूढींना स्वतंत्र दुष्ट चाली मानले होते, त्या एकाच यंत्रणेची अंगे म्हणून येथे प्रथम एकत्र दिसतात. एक गट बंद झाल्यावर इतरही बंद का झाले, ह्याच्या स्पष्टीकरणासाठी ते फ्रेंच समाजशास्त्रज्ञ तार्द यांच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतात.

येथे काय परदेशी आहे आणि काय स्वदेशी, हे वेगळे करून पाहावे. अंतर्विवाह व बहिर्विवाह ह्या संज्ञा, अनुकरणाचा नियम, चर्चासत्रात निबंध वाचून त्यावर टीका ऐकण्याची रीत हे सर्व तेथले. परंतु सतीची चाल व बालविवाह यांना जातीशी जोडणारा प्रश्न तेथला नव्हे. तो प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः नेला होता. पुढे १९३६ साली 'जातिभेदनिर्मूलना'वरील आपल्या न झालेल्या भाषणाच्या छापील पुस्तिकेत त्यांनी आपले कोलंबियातील गुरू जॉन ड्यूई यांचे ऋण मान्य केले आहे. परंतु ड्यूईंच्या लोकशाहीविषयक विचारांना त्यांनी जो प्रश्न विचारावयास लावला, तो ड्यूईंच्या अनुभवकक्षेत नव्हता.

३. मोजपट्टीचीच परीक्षा

मालवणचे घुर्ये हे संस्कृतचे विद्यार्थी. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग पॅट्रिक गेडीज यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि गेडीज यांच्या पाठिंब्यामुळे घुर्यांना विलायतेस जाण्याची संधी मिळाली. केंब्रिजला ते रिव्हर्स यांच्याकडे शिकले; जून १९२२ मध्ये रिव्हर्स यांचे आकस्मिक निधन झाल्यावर हॅडन यांच्या देखरेखीखाली त्यांनी प्रबंध पुरा केला. १९२४ पासून मुंबईच्या समाजशास्त्र विभागाची धुरा त्यांच्याकडे आली आणि केंब्रिजमधील अभ्यासावर आधारलेला 'कास्ट अँड रेस इन इंडिया' हा ग्रंथ १९३२ साली प्रसिद्ध झाला.

त्या काळी जात ही वंशभेदातून निर्माण झाली, असे प्रतिपादन करणारा प्रभावी संप्रदाय होता. १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख रिस्ले यांनी असे मत मांडले होते की, जातीचा सामाजिक दर्जा आणि त्या जातीच्या लोकांच्या नाकाची रुंदी ह्यांचे प्रमाण व्यस्त असते. शरीरमापनाच्या आकड्यांवर उभे असल्यामुळे हे मत वैज्ञानिक दिसे. घुर्यांनी त्यास भावनेने उत्तर दिले नाही. त्यांनी प्रसिद्ध झालेली मोजमापेच प्रांतवार लावून पाहिली आणि असे दाखविले की, सामाजिक उतरंड आणि नासिकामान यांची सांगड उत्तर हिंदुस्थानच्या मध्यवर्ती प्रदेशात बऱ्याच अंशी जुळते; पंजाब, बंगाल, मुंबई इलाखा वा दक्षिण ह्या भागांत ती तशी जुळत नाही. म्हणजे एका प्रांताचे सत्य सर्व देशाचा नियम म्हणून सांगितले गेले होते.

इरावती कर्वे ह्या घुर्यांच्याच विद्यार्थिनी. चित्पावनांवरील प्रबंधावर १९२८ साली एम्. ए. झाल्यावर त्या बर्लिनला गेल्या. तेथे मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजननशास्त्र ह्या विषयांची कायझर विल्हेल्म संस्था नुकतीच, म्हणजे १९२७ साली, स्थापन झाली होती आणि ऑयगेन फिशर हे तिचे संचालक होते. इरावतीबाईंना दिलेला विषय मानवी कवटीच्या असमरूपतेचा. कवटीच्या उजव्याडाव्या बाजूंतील फरकाचा संबंध वंशाशी आणि पर्यायाने युरोपीयांच्या बौद्धिक श्रेष्ठतेशी जोडता येईल, असे फिशर यांचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी दीडशेच्या आसपास कवट्यांची मोजमापे घेतली. असमरूपता सर्वत्र आढळली, परंतु वंशाशी तिचा संबंध आढळला नाही, आणि प्रबंधात त्यांनी तसेच नमूद केले. १९३० साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर तीनच वर्षांनी, म्हणजे १९३३ साली, नाझी राजवटीत फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निष्कर्षाचे मोल कळते. परक्या देशातील, परक्या भाषेत लिहिणारी, संचालकांच्या अनुमतीवर जिची पदवी अवलंबून आहे अशी तरुण विद्यार्थिनी आपल्या मोजमापांवर विसंबून राहिली.

इरावतीबाईंनी बर्लिनहून मोजमापाची विद्या आणली, तेथील वंशसिद्धान्त आणला नाही. पुढे डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी महाराष्ट्रातील अनेक जातींची शरीरमापने केली. मात्र आता प्रश्न निराळा होता : एकाच नावाने ओळखले जाणारे गट मुळात एक आहेत काय? १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदू समाजावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी कुंभारांचे उदाहरण घेतले आहे. थोरचाके, लहानचाके अशी महाराष्ट्रातील कुंभारांच्या गटांची नावे प्रसिद्धच आहेत. धंदा एक असूनही हे गट आपापसांत लग्ने करीत नाहीत. एका मूळ जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या, हा घुर्यांचा पक्ष. तर पुष्कळ ठिकाणी स्वतंत्र गटच धंद्याच्या नावाखाली एकत्र मोजले गेले, हा इरावतीबाईंचा पक्ष. गुरुशिष्यांतील हा मतभेद आजही अभ्यासनीय आहे.

४. एकच दृष्टी लाभते काय?

आता आरंभीच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. परदेशी अध्ययनाने एक विशिष्ट 'आधुनिक' दृष्टी प्राप्त होते असे असते, तर ह्या चौघांची मते एकमेकांजवळ यावयास हवी होती. वस्तुस्थिती उलट आहे. आंबेडकर केतकरांची व्याख्या दुरुस्त करतात, इरावतीबाई घुर्यांचा पक्ष नाकारतात. आंबेडकरांच्या अभ्यासाचे पर्यवसान जातिनिर्मूलनाच्या मागणीत होते. तशी निष्पत्ती उरलेल्या तिघांच्या ग्रंथांतून त्याच स्वरूपात होत नाही. चौघांत समान आहे ती वृत्ती : जातीविषयीचे विधान, मग ते स्मृतीतील असो, खानेसुमारीतील असो वा स्वतःच्या गुरूचे असो, पुराव्यावाचून न स्वीकारण्याची. दृष्टी बदलणे ह्याचा शास्त्रीय अर्थ एवढाच घ्यावा.

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हे चौघे असामान्य बुद्धीचे होते. ते येथेच राहिले असते तरी हेच घडले असते. ह्या आक्षेपात तथ्यांश आहे. जोतीराव फुले परदेशी कधीच गेले नाहीत. तरी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिताना त्यांनी तो ग्रंथ निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, आणि शूद्रातिशूद्रांच्या स्थितीची तुलना गुलामगिरीशी केली. स्वसमाजाकडे अंतरावरून पाहण्यासाठी आगबोटीत बसावेच लागते असे नाही. ग्रंथ आणि तीव्र सामाजिक अनुभव यांनीही ते साधते. उलटपक्षी, परदेशी राहून केवळ पदवी आणि पोशाख घेऊन परतलेल्यांची उदाहरणेही सर्वांस ठाऊक आहेत. म्हणून परदेशगमन हे दृष्टिपरिवर्तनाचे अपरिहार्य कारण नव्हे आणि पुरेसे कारणही नव्हे. मात्र ग्रंथालये, चर्चासत्रे, संग्रह आणि विरोधी मताची नित्य गाठ ही साधने ते एकत्र उपलब्ध करून देते, हे मान्य करावयास हवे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अंतर सर्वांना सारखे पडत नाही. केतकर वा घुर्ये यांना परदेशात जो नवा अनुभव येई तो मुख्यतः परकेपणाचा. आंबेडकरांना तेथे जो आला तो समान वागणुकीचा. आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच परदेशातील वास्तव्याने मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यासाठी आले, तेव्हा राहावे कोठे हा पहिला प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी नाव बदलून आश्रय घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून निघावयास लावले. कोलंबियाची पदवी घेतलेल्या विद्वानाची बदललेली दृष्टी आणि न बदललेला समाज यांची ही गाठ होती. तेव्हा परदेशी अध्ययनाचा परिणाम मोजताना विद्यार्थी कोणत्या सामाजिक स्थानावरून निघाला आणि कोणत्या स्थानी परतला, हे विचारात न घेतल्यास सर्व विवेचन लंगडे पडते.

५. परतीचा प्रवास आणि भाषा

ह्या चौघांचे परदेशातील लेखन परभाषेत झाले, आणि ते स्वाभाविकच होते. परंतु ज्या समाजाविषयी ते ज्ञान होते, त्या समाजापर्यंत ते पोहोचविण्याचे काम परतल्यानंतरचे. केतकरांनी १९१६ च्या सुमारास महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम हाती घेतले आणि ते तेवीस खंडांत तडीस नेले. त्याच्या पहिल्या प्रस्तावनाखंडाचे नावच 'हिंदुस्थान आणि जग' असे आहे. इथाका येथे अंगवळणी पडलेली तुलनेची पद्धती त्यांनी मराठी वाचकाच्या हाती दिली. आंबेडकरांनी लंडनमधील अपुरे शिक्षण पुरे करण्यास दुसऱ्यांदा जाण्यापूर्वीच, ३१ जानेवारी १९२० रोजी, 'मूकनायक' सुरू केले. इरावतीबाईंनी 'मराठी लोकांची संस्कृती' आणि 'युगान्त' हे ग्रंथ मराठीत लिहिले. घुर्यांचे ग्रंथ मुख्यतः इंग्रजीत आहेत; परंतु त्यांनी मुंबईत संशोधकांची जी पिढी घडविली, ते त्यांचे परतीचे कार्य मानावे लागेल.

भाषांतर हे येथे केवळ प्रसाराचे साधन नाही. अंतर्विवाह ही संज्ञा इंग्रजीत वाचणे आणि आपल्या घरातील सोयरिकीच्या बोलण्यात ती ओळखणे ह्यांत पुष्कळ अंतर आहे. परदेशात कमावलेली संकल्पना मातृभाषेत उतरविताना ती येथील वस्तुस्थितीस खरोखर लागू पडते काय, ह्याची दुसऱ्यांदा परीक्षा होते. अशी परीक्षा न झालेली दृष्टी बहुधा प्रबंधाच्या पानांतच राहते.

६. आजच्या विद्यार्थ्यासाठी

आजचा पदव्युत्तर विद्यार्थी तीन किंवा चार वर्षांऐवजी पुष्कळदा एका सत्रासाठी, किंवा एखाद्या संस्थेत काही आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी जातो. घरच्यांशी तो रोज बोलू शकतो, आणि येथील ग्रंथालयात बसूनही तेथील नियतकालिके वाचू शकतो. त्यामुळे केवळ नवीन माहिती मिळावी म्हणून जाण्याचे प्रयोजन आता क्षीण झाले आहे. वेळ जितका थोडा, तितका बरोबर नेलेला प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. चित्पावनांवरचा प्रबंध लिहून गेलेली विद्यार्थिनी दोन वर्षांत बर्लिनची विद्या पारखू शकली, कारण जाताना तिच्याजवळ तुलनेसाठी स्वतःचे काही होते.

म्हणून विभागाने परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यास निवडताना गुणपत्रिकेबरोबर तीन गोष्टी पाहाव्यात असे सुचवावेसे वाटते. जाण्यापूर्वी त्याने आपल्या परिसरातील एखाद्या प्रश्नावर, तो कितीही लहान असो, स्वतः सामग्री गोळा केलेली असावी. तेथे असताना आपल्या मार्गदर्शकाच्या एका तरी विधानाची त्याने आपल्या सामग्रीच्या आधारे तपासणी करावी. निष्कर्ष अनुकूल आला तरी तपासणीचे मोल कमी होत नाही. आणि परतल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याने आपले काम विभागाच्या चर्चासत्रात मराठीत मांडावे, जेथे प्रश्न विचारणारे श्रोते त्याच परिसरातील असतील.

ही तिसरी अट सर्वांत कठीण जाईल. परदेशात कोणी न विचारलेले प्रश्न तेथे विचारले जातील. ज्यांच्याविषयी प्रबंध लिहिला त्यांच्यापैकीच कोणी समोर बसलेला असेल. त्याचे शंकासमाधान करताना प्रबंधातील एखादे प्रकरण पुन्हा लिहावे लागले, तर तो वेळ विद्यार्थ्याच्या अध्ययनकालातच धरला जावा.